कानाने जुळवलेले फेरे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मोटारीचा इतिहास सांगताना आपण इंजिनाबद्दल भरभरून बोलतो. गिअरकडे फारसं कुणी पाहत नाही. पण इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेताना माणसाचा खरा कस लागला तो गिअरपाशीच.

फ्रान्सच्या एमिल लेव्हासॉर यांनी 1890च्या दशकात सरकत्या दातेरी चाकांचा गिअर मोटारीत रूढ केला. 1895च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत ते सुमारे 48 तास गाडी हाकून सर्वांच्या आधी परतले. ‘पद्धत रांगडी आहे, पण चालते,’ अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या नावावर सांगितले जातात.

रांगडी का? साधा हिशेब पाहा. दुसऱ्या गिअरचं प्रमाण दोनास एक, तिसऱ्याचं दीडास एक धरू. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात 2250च हवेत. मधले 750 फेरे उतरण्याआधी दाते भिडवले की खरखराट आणि झीज. चढावर गिअर उतरवताना उलट, फेरे वाढवावे लागत. मग चालक क्लच दाबून न्यूट्रलमध्ये येई, क्लच सोडून ॲक्सिलरेटर देई, पुन्हा क्लच दाबून गिअर टाके. याला डबल क्लच म्हणतात. हे सारं गणित कानावर चाले. मात्रा मोजत कविता लिहिणाऱ्या मला हे नवल वाटत नाही; यती चुकली तर कानालाच आधी कळतं.

अमेरिकन अभियंता अर्ल थॉम्पसन यांची सिंक्रोमेश योजना कॅडिलॅकने 1928 मध्ये गाडीत आणली. शंकूच्या आकाराचे भाग आधी एकमेकांना घासतात, फेरे जुळतात, मग दाते अडकतात. आज अभियंते संगणकावर याचंच गणित मांडतात: फिरत्या भागांचं जडत्व किती, वेगातला फरक किती, घर्षण किती. त्यातून कळतं की फेरे निम्म्या वेळात जुळवायचे तर घर्षणाचा जोर जवळपास दुप्पट लागतो. उष्णता मात्र जवळपास तेवढीच निघते. घाईने ती कमी होत नाही, एकदम येते, एवढंच.

पुढे थॉम्पसन यांच्याच नेतृत्वाखाली घडलेला हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअर 1939 मध्ये जाहीर झाला. ज्यांना तो सराव नव्हता, त्यांच्याही हाती स्टिअरिंग आलं. हे चांगलंच झालं. पण थॉम्पसन यांचं नाव इतिहासात राहिलं. जे गणित त्यांनी धातूत बसवलं, ते रोज कानाने सोडवणाऱ्या चालकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून आज त्यांची आठवण काढली.