मांजराला पिसवांचं औषध लावलं, आता पुढे काय? पहिल्या २४ तासांत काय करावं आणि काय टाळावं

समजा, रविवारी संध्याकाळी तुम्ही मांजराच्या मानेवर पिसवांच्या औषधाचे थेंब टाकले. पाचच मिनिटांत घरातल्या चार वर्षांच्या मुलीनं त्याला उचललं, मानेत तोंड खुपसलं आणि तशाच हातांनी ती वरण-भात खायला बसली.

लगेच घाबरण्याचं कारण नाही. तिचे हात आणि तोंड साबण लावून धुवा. पण ओलं औषध कुणाच्या हाताला, डोळ्याला किंवा तोंडाला लागू नये, याची काळजी घ्यायलाच हवी. खरा धोका मात्र वेगळाच आहे. चुकून कुत्र्याचं औषध लावलं गेलं, तर मांजराचा जीव जाऊ शकतो.

हे थेंब मानेवरच का टाकतात?

मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं. कवटी जिथे संपते आणि मान सुरू होते, तिथे त्याची जीभ पोहोचत नाही. म्हणून केस बाजूला करून औषध थेट कातडीवर टाकायचं असतं. नुसत्या केसांवर टाकलं तर ते नीट काम करत नाही आणि जास्त हातांना लागतं.

या औषधांत साधारणपणे फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड किंवा सेलामेक्टिन असतं. मांजराचं वय आणि वजन पाकिटावरच्या सूचनेशी जुळतंय ना, हे आधी बघा. पिल्लू असेल किंवा मांजर गाभण असेल, तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय काहीच लावू नका.

पहिल्या २४ तासांत काय करायचं?

- औषध लावताना हातमोजे घाला. नंतर हात साबणानं धुवा. डोळ्यात थेंब गेला तर भरपूर पाण्यानं डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.
- ती जागा पूर्ण कोरडी होईपर्यंत तिथे हात लावू नका. मांजराशी खेळायचंच असेल तर दोरी किंवा चेंडूनं, लांबून खेळा.
- त्या रात्री मांजराला अंथरुणात घेऊ नका, विशेषतः लहान मुलांजवळ झोपू देऊ नका.
- घरात दोन मांजरं असतील तर औषध वाळेपर्यंत त्यांना वेगळं ठेवा. ती एकमेकांना चाटतात.
- औषधाच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नका.

मांजराच्या तोंडाला फेस आला तर?

बहुतेक वेळा त्यानं औषध चाटलेलं असतं. औषध कडू असतं, त्यामुळे लाळ गळते आणि फेस येतो. पाणी आणि थोडं आवडीचं खाणं द्या. थोड्या वेळात ते सावरतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्यानं जास्त अपाय होतो. लाळ थांबत नसेल, उलट्या होत असतील किंवा मांजर सुस्त पडलं असेल, तर दवाखाना गाठा.

कुत्र्याचं औषध मांजराला का चालत नाही?

कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत ते निकामी करून शरीराबाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात मात्र त्यासाठी लागणारी एक महत्त्वाची प्रक्रिया फारच कमजोर असते, त्यामुळे विष शरीरात साठत जातं. 'कुत्र्याचं आहे, पण अर्धंच लावू' हा हिशेब इथे चालत नाही.

गोचिडांसाठी वापरलं जाणारं अमिट्राझही मांजरासाठी धोक्याचं आहे. माणसांच्या खरजेवरच्या क्रीममध्येही पर्मेथ्रिन असतं, तीही मांजराला लावू नका. घरातल्या कुत्र्याला पर्मेथ्रिन लावलं असेल, तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.

विषबाधेची लक्षणं काही तासांत दिसतात, कधी कधी एक-दोन दिवसांनीही. कान आणि कातडी फडफडणं, अंग थरथरणं, तोल जाणं, झटके येणं ही त्यातली मुख्य. अशा वेळी वाट बघू नका. पशुवैद्यकांना फोन करा. मांजर शुद्धीवर असेल तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडनं आणि कोमट पाण्यानं औषध धुऊन काढा. पाणी गरम नको, थंडगारही नको. मग टॉवेलमध्ये गुंडाळून थेट दवाखान्यात न्या.

घरगुती उपाय केले तर?

पिसवा झाल्या म्हणून घरभर फिनाईलनं फरशी पुसणं हा आपला नेहमीचा उपाय. पण फिनाईलमधले फिनॉलसारखे घटकही मांजराचं यकृत नीट हाताळू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. कापूर, रॉकेल आणि सुगंधी तेलंही मांजरापासून लांब ठेवा. अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

औषध लावूनही पिसवा दिसतात, असं का?

मांजराच्या अंगावर दिसतात त्या फक्त मोठ्या पिसवा. अंडी, अळ्या आणि कोष गादीत, सोफ्याच्या फटींत, फरशीच्या कोपऱ्यांत असतात. कोषातली पिसू कित्येक आठवडे तशीच राहू शकते. म्हणून मांजराचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, सोफ्याखालून रोज केर काढा. औषधाचा पुढचा डोस ठरलेल्या दिवशीच द्या. पिसवा दिसल्या म्हणून मध्येच दुसरं औषध लावू नका.

जंतांचं औषध दिलं असेल तर?

एक-दोन दिवस शीत जंत दिसू शकतात. तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं, त्यातून हा जंत होतो. म्हणून पिसवा आणि जंत, दोन्हींवर उपचार लागतात.

लिटर ट्रे रोज साफ करा. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी शीतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. त्यामुळे रोजच्या सफाईनं धोका बराच कमी होतो. जंतांच्या नेहमीच्या गोळीनं तो जात नाही. गरोदर बाईनं हे काम शक्यतो दुसऱ्यावर सोपवावं.

आणखी एक सोपी सवय लावून घ्या. औषध लावण्याआधी पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागला, तर डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील, 'नेमकं काय लावलं होतं?'