"फॅक्टरीत लागला!"

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. केळीची बाग सांभाळतो. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, पोराचं आयटीआय झालं, मशिनिस्ट ट्रेड. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जागा निघाल्या तर फॉर्म भरू द्यावा का? त्याची आई नको म्हणते."

आमच्या उमेदीच्या काळात जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. "पोरगा फॅक्टरीत लागला" म्हटलं की पेढे वाटायचे आणि स्थळं बघायला सुरुवात करायची! कापसाचा भाव आणि पाऊस यांच्या भरवशावर जगणाऱ्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार, क्वार्टर, दवाखाना आणि शेवटी पेन्शन. रेल्वेच्या खालोखाल मान फॅक्टरीलाच.

याला इतिहास आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना इंग्रजांनी १८६९ साली काढला. आमच्याकडे भुसावळची आयुध निर्माणी आली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली. तिथे मुख्यतः दारूगोळ्याच्या पेट्या, डबे, ड्रम बनत. पुढे पिनाका रॉकेटचे पॉडही बनू लागले. १९६२ साली चीनने दणका दिला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि नव्या कारखान्यांची निकड सगळ्यांना पटली. त्या लाटेत १९६४ साली वरणगावचा कारखाना उभा राहिला, बंदुकीच्या गोळ्या बनवणारा. शेतकऱ्याची पोरं टर्नर, फिटर, मशिनिस्ट झाली. ही जमेची बाजू मी कधीच नाकारणार नाही.

पण खर्चाची बाजू आम्ही मास्तरांनी पोरांना कधी सांगितली नाही. सांगणार काय? आम्हालाच ठाऊक नव्हती.

गोळीचं पितळी कवच म्हणजे पितळेची छोटी वाटी प्रेसमध्ये पुन्हा पुन्हा ओढून लांब केलेली नळी. मधे मधे ती भट्टीत तापवून मऊ करावी लागते. म्हणजे दिवसभर प्रेसचा दणदणाट आणि भट्टीची धग, त्यात आमचा मे महिना! माझा एक विद्यार्थी अशाच एका कारखान्यात प्रेसवर तीस वर्षं होता. आता त्याच्याशी बोलताना ओरडावं लागतं. "कानात बोळे घालत नव्हतास का रे?" विचारलं, तर म्हणाला, "सर, पीसवर्क होतं. कान झाकले की मशीनचा सूर बिघडलेला कळत नाही, आणि मशीन थांबली की पैसे थांबतात." नातवाचं बोबडं बोलणं त्याला ऐकू येत नाही. तो कुणाला दोष देत नाही, पण मला ते लागलं.

बारूद भरणाऱ्याचं काम आणखी वेगळं. त्या पदाचं नावच 'डेंजर बिल्डिंग वर्कर'. काडेपेटी आणि मोबाइल बाहेर, अंगात सुती कपडे, पायात वेगळे बूट, कारण कपड्यातल्या विजेची एक ठिणगी पुरते. इमारती एकमेकींपासून लांब, मधे मातीचे बांध, आत किती माणसं असावीत तेही ठरलेलं. एका इमारतीचा स्फोट दुसरीपर्यंत जाऊ नये म्हणून ही रचना. पण त्या एका इमारतीत जी माणसं असतात, त्यांचं काय? २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. पोराच्या आईचं 'नको' मला समजतं.

शिवाय ज्या खात्रीपायी हे सगळं सोसलं जाई, ती खात्रीही पातळ झाली. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये महामंडळ करण्याविरुद्ध देशभरचे आयुध कामगार संपावर गेले. तरी १ ऑक्टोबर २०२१ ला जुनं मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियात गेलं, भुसावळ यंत्र इंडियात. त्याच वर्षी संपाला मनाई करणारा कायदाही संसदेने केला. २०२४ साली भंडारा आणि चांदा इथे डेंजर बिल्डिंग वर्करच्या जागा निघाल्या, त्या ठरावीक मुदतीच्या होत्या. धोका तोच, पण पाठीशी पूर्वीसारखी जन्माची हमी नाही.

मग काय सांगितलं? फॉर्म भरू दे म्हटलं. हुनर वाईट नाही. पण जाहिरात नीट वाच: कायम की मुदतीची, कोणत्या विभागात, अपघात झाला तर घरच्यांना काय मिळणार. आणि पोराला बजाव, की चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, कान आणि डोळे झाकायचे म्हणजे झाकायचे.

हे मी चाळीस वर्षांपूर्वी वर्गातच सांगायला हवं होतं.