कुही तालुक्यात आलेले दूरगावचे ट्रक

कुही हा नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातला शेतीप्रधान तालुका. मिरची, धान आणि जंगल-नदीचा माल ही इथली जुनी वाहतूक. ती आधी बैलगाडीवर होती, नंतर १९०८ मध्ये सुरू झालेल्या नागपूर–नागभीड या अरुंद रुळांच्या रेल्वेवर आली आणि शेवटी ट्रकवर गेली. रेल्वेने कुही, उमरेड, भिवापूर ही गावे जोडली खरी, पण मांढळ, वेलतूर ही बाजारगावे रुळांपासून दूरच राहिली. शिवाय छोट्या रुळांवरची वॅगन मोठ्या रुळांवर चढत नसे. पुढे जाणारे मिरचीचे पोते इतवारीला उतरवून दुसऱ्या गाडीत भरावे लागे. प्रत्येक चढ-उतारीला हमाली लागे, पोती फाटत. ट्रक खळ्यावरून उचलून थेट अडत्याच्या दारात माल टाकी, त्यामुळे भाडे जास्त असूनही तो परवडे.

मात्र नवा ट्रक तालुक्याच्या ऐपतीबाहेरचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या शेव्हरोले, फोर्ड, डॉज गाड्या ‘डिस्पोजल’च्या लिलावांतून देशभर पसरल्या, जुन्या ट्रकांच्या बाजाराची पहिली मोठी भरती तीच. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला घेतले, तर मद्रासकडे १९५५ पासून अशोक लेलँड हे नाव रूढ झाले. परवान्यांच्या काळात नव्या गाडीसाठी नंबर लावून थांबावे लागे. जमशेदपूरहून पश्चिमेकडे निघालेल्या नुसत्या चेसिस, वर केबिन नाही, चालकाच्या तोंडाला गमछा गुंडाळलेला आणि डोळ्यांवर गॉगल, अशा नागपूरवरूनच जात. पण त्या जात दुसऱ्यांकडे. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर लहान वाहतूकदारांना कर्जे मिळू लागली. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्ससारख्या कंपन्यांनी तर जुन्या ट्रकावर कर्ज देणे हाच मुख्य धंदा केला. एका गाडीचा मालक, तोच चालक, ही तालुक्यातली जात या दोन गोष्टींनंतर वाढली.

जुन्या गाड्या तालुक्यांकडे का वाहतात, याचे एक कारण नियमातच आहे. १९७५ पासून नॅशनल परमिट आले. पुढे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वयाची अट घातली: बारा वर्षांपेक्षा जुन्या साध्या ट्रकला हे परमिट मिळत नाही, मल्टि-अ‍ॅक्सल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा आहे. लांब पल्ल्यावर कमावलेला ट्रक या वयाला आला की मोठा वाहतूकदार तो काढून टाकतो. जवळच्या फेऱ्या करणाऱ्याला मात्र नॅशनल परमिटची गरज नसते. कुहीच्या आसपास अशा फेऱ्यांना तोटा नव्हता. उमरेडच्या खाणीतला कोळसा, कन्हान-वैनगंगेची रेती, विटा, मिरचीचे सातरे यांचे काम होतेच. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द प्रकल्पाने त्यात माती-मुरमाची भर घातली.

गाडी दूरहून आणण्यामागे किंमत हे कारण तर असेच, पण नागपूरचे स्थानही होते. कोलकाता–मुंबई आणि वाराणसी–कन्याकुमारी हे दोन्ही जुने राष्ट्रीय मार्ग इथे एकमेकांना छेदत. वाडी आणि कापसी इथल्या ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यांवर रायपूर, जबलपूर, हैदराबादच्या गाड्या थांबत. कोणाचा हप्ता थकला आहे, कोण गाडी काढतो आहे, ही बातमी चालकांच्या तोंडून दलालापर्यंत आणि दलालाकडून कुहीच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचे. मग बयाणा द्यायचा आणि चालक व मिस्त्री बरोबर घेऊन निघायचे, अशी रीत पडली.

पाहणीची रीतही ठरलेली होती. विकणाऱ्याने बोलावलेल्या वेळेच्या आधी, पहाटेच जाऊन पोहोचायचे. इंजिनला हात लावून ते गार आहे की आधीच चालवून गरम करून ठेवले आहे, हे बघायचे. सुरू झाल्यावर तेलाचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशनचा धूर बघायचा. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, सायलेन्सरचा धूर काळा की निळा, हे तपासायचे. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. तो आरसी बुकाशी अंकागणिक ताडून घ्यायचा. या पाहणीतून झिजलेले इंजिन बहुधा सुटत नसे. सुटे ते अधूनमधून बंद पडणारे.

अधूनमधूनच्या बिघाडाचे सर्वात मोठे कारण डिझेलच्या लाइनमध्ये शिरणारी हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी दाबाखाली नसते, पंप तिच्यातून डिझेल ओढत असतो. म्हणून तिला बारीक चीर पडली किंवा जोडावरचा वायसर बसला नाही, तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते, आणि गाडी चढावर लोड घेत नाही किंवा मिसिंग करते. टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी वर असते, पंपाला कमी ओढावे लागते आणि बिघाड जणू नाहीसा होतो; टाकी पाव उरली की परत येतो. गिऱ्हाइकासमोर उदारपणे टाकी फुल करून देणाऱ्याकडे जाणते मिस्त्री म्हणूनच संशयाने बघत. दुसरे कारण टाकीच्या झाकणाचे बुजलेले भोक. डिझेल कमी होत जाते, तिच्या जागी हवा येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि तासाभराने इंजिन दम तोडते. चालक झाकण उघडतो, फुस्स आवाज येतो, आणि गाडी पुन्हा वीस-पंचवीस मैल निमूट चालते. टाकीतला गाळ किंवा चिंधीही असाच खेळ करते: ओढ लागली की नळीच्या तोंडाला चिकटते, इंजिन थांबले की सुटून तळाला जाते. काही पंप थंड असताना ठीक असतात, पण आतले भाग झिजल्यामुळे गरम झाल्यावर पुरेसा दाब देत नाहीत. ढाब्यावर थांबवलेली अशी गाडी चहा होईपर्यंत पुन्हा सुरू होत नाही.

यावरची उस्तादांची तपासणी साधी आणि अचूक होती. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडायची. बुडबुडे दिसले की हवा मागून येते हे नक्की. नाहीतर डिझेलचा डबा केबिनवर उंच टांगून त्यातून थेट पंपाला नळी द्यायची. गाडी आता नीट चालली तर दोष टाकी किंवा तिच्या नळीत, तरीही अडखळली तर पंपात किंवा त्याच्या पुढे. पहिला दोष शंभर-दोनशे रुपयांचा, दुसरा हजारोंचा. सौद्याची सारी घासाघीस या फरकावर चाले.

म्हणून लोड टाकून ट्रायल मागण्याची पद्धत पडली. रिकाम्या गाडीने गावाला एक फेरी मारून काही कळत नाही. जबलपूरची गाडी सिवनीच्या पुढचा कुरई घाट भरून चढली तरच ती खरी, असे मानणारे होते. काही सौद्यांत रकमेचा एक भाग गाडी घरी पोहोचेपर्यंत राखून ठेवत आणि विकणाऱ्याचा चालक सोबत येई. हा तोडगा शहाणपणाचा होता, कारण अशा वेळी कायदा खरेदीदाराला फारसा आधार देत नाही.

१९३० च्या माल विक्री कायद्यानुसार मालाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी मुख्यतः घेणाऱ्याची. १८७२ च्या करार कायद्यातले उदाहरण तर जनावराच्या बाजारातलेच आहे. घोडा सदोष आहे हे माहीत असूनही लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारा म्हणाला की ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष समजेन’, आणि विकणारा गप्पच राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. याच कायद्याच्या १९ व्या कलमात आणखी एक अट आहे: साधी काळजी घेऊन सत्य कळू शकत असेल, तर विकणाऱ्याच्या मौनावर बोट ठेवून करार मोडता येत नाही. ग्राहक कायदा धंद्यासाठी घेतलेली वस्तू वगळतो, मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला ट्रक घेणारा ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. अर्थात तो ग्राहक ठरला तरी सौद्याच्या दिवशी दोष होताच, हे सिद्ध करणे त्याच्याच माथी येते, आणि येणारा-जाणारा दोष सिद्ध करणे सर्वात अवघड.

दूरच्या सौद्यात कागदांचाही बिघाड असे. मधला दलाल गाडी आपल्या नावावर करतच नसे. मूळ मालकाची सही असलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म गाडीबरोबर दोन-तीन हातांतून फिरत. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच राहते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. त्यानंतर तरी विकणाऱ्यांनी सावध व्हायला हवे होते. लिलावात तर गाडी ‘जशी आहे, जिथे आहे’ या बोलीवर जाते.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि २०२० मध्ये त्याच तारखेपासून बीएस-६ या प्रदूषण-मानकांची इंजिने सक्तीची झाली. जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज नसे. नव्या इंजिनात सेन्सर, वायरिंग आणि युरियाची यंत्रणा आली, म्हणून अधूनमधूनचा बिघाड नळ्यांतून तारांत गेला. खड्ड्यात हलणारा एक कनेक्टर गाडीची ताकद निम्मी करतो आणि सपाट रस्त्यावर पुन्हा जुळतो. मिस्त्रीच्या हातात आता स्कॅनर आहे. येऊन गेलेल्या बिघाडाची नोंद इंजिनाच्या संगणकात राहते, पण विकणारा ती आधीच पुसून ठेवू शकतो; म्हणून स्कॅनर ट्रायलच्या आधी आणि नंतर असा दोनदा लावावा लागतो.

२०१९ मध्ये रुंदीकरणासाठी नागपूर–नागभीड छोटी रेल्वे बंद झाली. ट्रकांची खरेदी मात्र चालू राहिली. परराज्यातली गाडी आणणाऱ्याला तिथल्या आरटीओकडून २८ नंबरच्या फॉर्मवर ना-हरकत घ्यावी लागते, विकत घेतल्यापासून तीस दिवसांत हस्तांतरण कळवावे लागते आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ती इथे राहणार असेल तर नवा नंबर घ्यावा लागतो. कुही तालुक्यातल्या मालकाला तो नागपूर ग्रामीण कार्यालयातून मिळतो आणि एमएच-४० ने सुरू होतो.