एका इंजिनाची वाटणी

१९३९ साली सॅक्सनीतील त्सोपाउ येथे डीकेडब्ल्यू कारखान्याने ‘आरटी १२५’ ही हलकी मोटारसायकल घडवली. रचनाकार हेरमान वेबर.

तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे वरखाली होणारा पिस्टनच उघडतो आणि मिटतो. ताजे मिश्रण धुराबरोबर निसटू नये म्हणून पूर्वी पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा ठेवीत. तो जड, शिवाय फार तापे. अडोल्फ श्नुर्ले यांच्या पद्धतीने, जी डीकेडब्ल्यूने आधीच स्वीकारली होती, हा उंचवटाच अनावश्यक ठरवला. मिश्रणाचे दोन तिरपे झोत धुराच्या छिद्राकडे पाठ करून समोरच्या भिंतीवर आदळतात, वर वळतात आणि जळलेला वायू बाहेर रेटतात. कल्पना इतकी साधी, की नक्कल अटळच होती!

युद्ध हरलेल्या जर्मनीचे हे आराखडे विजेत्यांनी वाटून घेतले. सोव्हिएत ‘मॉस्क्वा’, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची सव्वाशे सीसी, ब्रिटनमध्ये बीएसएची ‘बँटम’. बँटमचे इंजिन तर आरशातल्या प्रतिमेसारखे उलटवलेले, कारण ब्रिटिश स्वाराचा गिअर उजव्या पायाशी असे.

वेबर यांनाही सोव्हिएत संघात नेण्यात आले. १९४८ साली तेथेच त्यांचा मृत्यू झाला. बँटम त्याच वर्षी बाजारात आली.