जळकी वात, काळी नळी: विजापूरच्या चिलमीपासून ई-सिगारेटच्या कॉइलपर्यंत

आजचा धागा एका जळक्या वासाचा आहे. ई-सिगारेट ओढणारे ‘कॉइल जळाली’ म्हणतात, तेव्हा नेमके काय जळालेले असते आणि ते जळू नये म्हणून चाललेली धडपड किती जुनी आहे, हे पाहू.

प्रथम यंत्र. ॲटोमायझर म्हणजे मुळात वात आणि तार. कापसाची वात द्रव शोषते, तिच्याभोवतीची किंवा तिच्यातून गेलेली धातूची तार बॅटरीवर तापते आणि द्रवाची वाफ होते. वात ओली आहे तोवर वाफ होण्यातच उष्णता खर्च होते. ती कोरडी पडली की तीच उष्णता कापसाला जाळते. म्हणून नवी वात आधी भिजू द्यायची, टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, तार बेताने तापवायची, टाकी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची, आणि वात एकदा करपली की ती बदलायचीच. ती धुऊन पूर्ववत होत नाही. समईची वात पुढे सारणाऱ्या आजीला यातले निम्मे शास्त्र कोणी शिकवावे लागले नसते.

कॉइलवर काळा थर चढतो तो बहुतांशी गोडव्यामुळे. द्रवात घातलेले गोड पदार्थ तारेवर करपून चिकटतात. हुक्केवाल्यांना ही अडचण शतकांपूर्वीच भेटली होती. हुक्क्याच्या तंबाखूत गूळ किंवा काकवी मळलेली असे आणि थेट निखाऱ्याखाली ती तत्काळ करपे. त्यावरचा उपाय म्हणजे चिलमीत तंबाखू आणि निखारा यांच्यामध्ये ठेवलेली मातीची चकती, म्हणजे तवा. तंबाखू तापावी, पण जळू नये! आजचा कॉइल बनवणारा अभियंता याच प्रश्नाशी झगडतो.

फरक एवढाच की हुक्क्याची निगा मालक स्वतः राखत नसे. तळाचे पाणी बदलणे, नळी धुणे, चिलीम खरवडणे, निखारा फुलवणे यासाठी हुक्केबरदार हा स्वतंत्र नोकर असे. 1779 साली कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या समारंभाचे जे निमंत्रण प्रसिद्ध आहे, त्यात पाहुण्यांनी आपला हुक्केबरदार सोडून दुसरा नोकर आणू नये अशी सूचना होती. एवढ्या निगुतीचा हेतू काय होता? चव. नळी काळी झाली की धूर कडवट येई. आरोग्याचा मुद्दा निराळा होता, आणि तो उपस्थित झाला होता आपल्या दख्खनच्या तंबाखूवरून.

इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कन्येचा विवाह शाहजादा दानियालशी ठरला होता. त्या कामासाठी अकबराने असद बेग याला विजापूरला पाठवले. तिथे त्याला तंबाखू दिसली. पोर्तुगीजांमुळे ती पश्चिम किनाऱ्यावर आणि दख्खनेत आधीच रुजू लागली होती. सुमारे 1604 मध्ये परतताना त्याने ती रत्नजडित चिलमीसह बादशहापुढे ठेवली. अकबराने थोडे झुरके घेतले आणि दरबारच्या हकिमाने हरकत घेतली: आपल्या ग्रंथांत या औषधाचा उल्लेख नाही, न पारखलेली वस्तू बादशहाने घेऊ नये. असद बेगने स्वतःच्या वृत्तांतात आपला युक्तिवादही नोंदवला आहे. त्याचा आशय असा, की फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत आणि प्रत्येक रूढी कधीतरी नवीच असते. अकबर या उत्तरावर खूश झाला, पण तंबाखूच्या नादी लागला नाही. त्याचे सरदार मात्र लागले. 1617 मध्ये जहांगीराने मनाई केली. ती किती पाळली गेली, हे नंतरच्या मुघल चित्रांतले हुक्के पाहून तुम्हीच ठरवा.

इथे एका लोकप्रिय दंतकथेची तारीख तपासू. ‘अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने धूर पाण्यातून शुद्ध करण्यासाठी हुक्का शोधला’, असे सर्रास लिहिले जाते. गिलानी 1589 साली वारला, म्हणजे असद बेगची तंबाखू दरबारात पोचण्याच्या सुमारे 15 वर्षे आधी. माझ्या मते ही कथा टिकली ती तिच्यातल्या दिलाशामुळे: पाण्यातून आला म्हणजे धूर धुतला गेला. पाणी धूर थंड करते, हे खरे. परंतु निकोटिन आणि निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड त्यातून पलीकडे जातातच.

ई-सिगारेटच्या जन्मातही तोच दिलासा आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टने 1963 मध्ये धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1965 मध्ये पेटंट मिळाले, पण बाजार मिळाला नाही. 2003 मध्ये चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक याने आपला आराखडा मांडला. त्यात द्रवाचे तुषार करण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरी होत्या. पुढे बाजारात तापणारी तार स्थिरावली. तार आली आणि तिच्यासोबत करपणे आले. हुक्केबरदार मात्र उरला नव्हता.

कोरड्या वातीवर ओढलेल्या झुरक्यात ग्लिसरीनसारखे घटक विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अक्रोलीन तयार होतात. तेव्हा स्वच्छतेने काहीच साधत नाही, असे नाही. करपलेल्या वातीचे विष टळते. पण द्रवातले निकोटिन धुतलेल्या टाकीतूनही येतेच. 2019 मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या विकाराची साथ उद्भवली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्णांची आणि 68 मृत्यूंची नोंद झाली. मुख्य संशय द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर स्थिरावला, विशेषतः गांजातील टीएचसी असलेल्या काळ्या बाजारातील मालात. अशा भेसळीपुढे चकचकीत कॉइल काय करणार?

आता नागपूरकडे येऊ. हुडकेश्वरच्या पानठेल्यावर खर्रा घोटून घेणाऱ्याला या कॉइलपुराणाचे हसू येईल, कारण वैदर्भीय तंबाखूला ना नळी लागते ना वात. पण कायद्याने दोन्ही वाटा अडवल्या आहेत. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 ची. मुंबईत डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आगीत 14 जणांचा बळी गेला आणि 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदी आणली. 18 सप्टेंबर 2019 रोजी केंद्राचा ई-सिगारेटबंदीचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सारे गुन्हे ठरले. त्या कायद्याने ई-सिगारेटची व्याख्या करताना ‘ई-हुक्का’ हा शब्द नाव घेऊन घातला आहे.