बेस्ट कुणाला विचारून चालते?

मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे, आणि गंमत अशी की पहिल्या दिवसांत तिकीटच दिले जात नसे. ट्रामचा कारभार खासगी कंपनीचा होता. १९०५ मध्ये विजेची कंपनी आली, १९०७ मध्ये विजेची ट्राम आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस. मालक कंपनीच. संचालकांना जाब विचारायचा तर हाती भागपत्रे हवीत. खिशात नुसते तिकीट असलेल्याला तिथे कोण ओळखणार?

ही स्थिती बदलली ७ ऑगस्ट १९४७ रोजी. महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. स्वातंत्र्याला आठ दिवस उरले होते. त्या धामधुमीत या घटनेकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नसेल, पण माझ्या मते शहराच्या दृष्टीने ती छोटी नव्हती. आता कारभारावर बेस्ट समिती आली. तिकीटदर, नवे मार्ग, गाड्यांची खरेदी, कंत्राटे हे सारे तिच्यापुढे येई. अर्थसंकल्पसुद्धा महाव्यवस्थापकांना तिथेच मांडावा लागे.

आमच्या मदनपुऱ्यातल्या घरी उर्दू आणि मराठी अशी दोन्ही वर्तमानपत्रे येत. वडील गिरणीत पहिल्या पाळीला जात. दिल्लीत कोण पंतप्रधान झाले यापेक्षा बेस्ट समितीत काल काय ठरले, याची त्यांना जास्त काळजी! भाडे दहा पैशांनी वाढणार असले तर अम्मीला ते आधी सांगत. वाढ व्हायची ती होईच. पण कोण बाजूने बोलला, कोण सभात्याग करून निघून गेला, हे वस्तीला ठाऊक असे.

समिती म्हणजे काही संतांची मांदियाळी नव्हती. तिथे पक्षांची भांडणे होत, ‘माझ्या वॉर्डातून बस वळवा’ असे आग्रह होत. पण ते भांडण उघड्यावर होते. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. भाडेतत्त्वावरच्या खासगी गाड्या घ्याव्यात की नाही, यावरून रान पेटले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आले; तो प्रस्ताव समितीत आणि मग महापालिकेत मंजूर झाला होता.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. निवडणूक लांबली, प्रशासक आले, आणि नगरसेवकांबरोबर बेस्ट समितीही गेली. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपये भरून अर्ज करा, तीस दिवस वाट पाहा, कागद मिळेल. पण तो निर्णय झाल्यावरचा कागद. प्रस्ताव टेबलावर असताना ‘थांबा, हे का?’ म्हणणारी खुर्ची मात्र रिकामी होती.

९ मे २०२५ पासून साध्या गाडीचे किमान भाडे पाचाचे दहा झाले, वातानुकूलित गाडीचे सहाचे बारा. वाढीला कारणे नव्हती असे मी म्हणत नाही. तोटा मोठा होता. पण त्या वाढीसाठी किंवा तिच्याविरुद्ध हात वर केलेला एकही नगरसेवक मतदाराला सापडायचा नाही. हात वर करायला तेव्हा सभागृहच नव्हते.