विमा आणि गावचा दवाखाना

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत वाशिम नव्हता. मानोरा तालुक्यातल्या इंझोरीला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखाचं संरक्षण मिळालं. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव लागलं. २०२४ पासून रक्कम पाच लाख झाली, तीही राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी.

लाभ खराच. हृदयाच्या शस्त्रक्रियेपायी शेत विकायची पाळी टळते. पण हा विमा रुग्ण भरती झाला तरच कामी येतो. तापाची गोळी, मधुमेहाचं रोजचं औषध, बुडालेली मजुरी त्यात बसत नाही.

१९४६ मध्ये भोर समितीनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या: पैशाअभावी कुणी उपचाराला मुकू नये आणि आरोग्यसेवा लोकांच्या जवळ असावी. विमा पहिलीचं उत्तर देतो, तेही अर्धंच. दुसरीसाठी गावातच डॉक्टर हवा, औषध हवं. तिजोरी एकच आहे; विम्याचा हप्ता भरताना दवाखाना उपाशी राहू नये.